द्राक्षबाग गेल्यापासून ते बोलतच नाहीत

प्रश्न: आम्ही तासगाव तालुक्यातले. माझं वय 34, मिस्टरांचं 39. ऑक्टोबरात फळछाटणी घेतली, बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला, दावण्या हा बुरशीचा रोग आला आणि निम्मी बाग हातची गेली. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून हे बोलत नाहीत. भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. काय विचारलं तर ‘काही नाही’. आधी विचारून पाहिलं, मग रडले, आता मीही बोलायचं सोडलंय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, पुरुषमाणूस आहे, येईल ताळ्यावर. जेवताना चटणी नसली तरी आता मागत नाहीत. माझं काही चुकतंय का?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातली कामाची खूण चटणीच्या वाक्यात आहे.

रुसलेला माणूस ताट सरकवतो. ‘तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे’ असं पोराच्या तोंडून कळवतो. अबोल्याला पत्ता असतो. तो कुणासाठी तरी धरलेला असतो आणि समोरच्याला तो कळावा, अशी धरणाऱ्याची इच्छाही असते. तुम्ही सांगताय त्या गप्पपणाला असा पत्ता दिसत नाही. चटणी नाही म्हणून राग नाही आणि चटणी हवी अशी इच्छाही नाही. तेव्हा ‘माझ्यावर कशाचा राग आहे’ हे शोधण्यात आणखी दिवस घालवू नका. तुमचं काही चुकलं म्हणून हे सुरू झालेलं नाही. पण सुरू झाल्यावर तुम्हा दोघांत जे चाललंय, त्यात तुम्हाला बदलता येईल असं पुष्कळ आहे.

आधी एक आठवडा नुसतं बघा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहिता, तिथंच तारखेपुढं बारीक खुणा करा, म्हणजे कुणाच्या नजरेत येणार नाही. चार गोष्टी टिपा: रात्री किती वाजता जाग येते, किती भाकरी खाल्ल्या, दिवसभरात स्वतःहून कुणाशी बोलले, आणि कशात तरी रमलेले दिसले का. चार महिन्यांचा गप्पपणा मनात एकसारखा वाटतो, कागदावर तो तसा नसतो. रविवारी मेव्हणा आला तेव्हा अर्धा तास बरे होते, सोसायटीची नोटीस आली त्या दिवशी जेवलेच नाहीत, हे खुणा असल्या तरच दिसतं. पुढं डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर ‘गप्प असतात हो’ यापेक्षा हे पान दहापट उपयोगी पडेल.

या खुणांवरून बघायचं ते हे, की हा गप्पपणा कुठं कुठं आहे. पारावर चार मित्रांत हसतात आणि उंबऱ्याच्या आत आले की मिटतात, असं असेल तर घरात बोलण्याची काहीतरी किंमत त्यांना मोजावी लागतेय. ती बहुतेक वेळा लाजेची असते. पारावर, घरात, पोराबाळांशी, बैलाशी, सगळीकडे सारखेच मिटलेले असतील, तर प्रकरण आतलं आहे आणि आजाराचा विचार करावा लागतो. आणि लग्नापासूनच मोजकं बोलणारे असतील, तर ‘बोलके करणं’ हे लक्ष्यच चुकीचं. तिथं विचारायचं एवढंच, की त्यांच्या नेहमीच्या मानानं किती फरक पडला?

आता तुम्हा दोघांत काय घडतंय ते. नऊ-साडेनऊची वेळ. जेवणं झालीत, पोरं आतल्या खोलीत आहेत, ते सोप्यात मोबाईल घेऊन बसलेत. तुम्ही भांडी आवरून पदराला हात पुसत येता आणि समोर उभ्या राहता. ‘काय झालंय तुम्हाला?’ ‘काही नाही.’ ‘मग बोलत का नाही?’ गप्प. ‘मी काय परकी आहे का?’ ते उठून माडीवर जातात. तुम्ही रडता, ते त्यांना वर ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला वाढायला आलात तरी त्यांना वाटतं, आता पुन्हा सुरू होणार. मग ते घरात शिरायच्या आधीच मिटतात. तुम्हाला वाटतं, हे गप्प आहेत म्हणून मला विचारावं लागतं. त्यांना वाटतं, ही मागं लागते म्हणून मला गप्प बसावं लागतं. दोघंही खरंच सांगताय.

अँड्र्यू ख्रिस्टेनसन या मानसशास्त्रज्ञानं एकानं मागं लागायचं आणि दुसऱ्यानं मागं सरायचं, या चक्राचा बराच अभ्यास केला. त्यातली एक गोष्ट घरोघरी पटण्यासारखी आहे. ज्याला बदल हवा असतो तो मागं लागतो, ज्याला त्या विषयाची झळ नको असते तो मागं सरतो. म्हणून विषय बदलला की भूमिकाही बदलू शकतात. तुमच्या माहेरच्या वाटणीचा विषय त्यांनी काढला, तर कदाचित तुम्हीच तोंड शिवून बसत असाल. तो प्रसंग आठवून बघा. त्या वेळी समोरच्यानं कसं विचारलं असतं तर तुम्ही बोलला असता? तेच उत्तर इथंही बऱ्याच अंशी लागू पडेल.

गप्प बसलेला माणूस आतून थंड असतो, हा गैरसमजही काढून टाका. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी अमेरिकेत नवरा-बायकोला समोरासमोर बसवून, नाडी मोजायची यंत्रं लावून, त्यांच्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं. भिंतीसारखं गप्प होणाऱ्या माणसाची नाडी कित्येकदा मिनिटाला 100 च्या वर गेलेली असते. त्या अवस्थेत डोकं ऐकून घेत नाही आणि शब्दही सापडत नाहीत. शरीर खाली यायला निदान 20 मिनिटं लागतात, तीही मनात भांडण घोळवत न बसता. म्हणून ते उठून माडीवर गेले तर पाठोपाठ जिना चढायचा नाही. खालूनही बोलायचं नाही. ‘बरं, आपण चहाच्या वेळी बघू’ इतकंच म्हणायचं. आणि चहाच्या वेळी खरोखर चहा घेऊन जायचं. परत यायची वेळ न सांगता सोडलेला विषय दोघांनाही कुरतडत राहतो.

तुम्ही बोलायचं सोडलंत, तो उपायही काम करणार नाही. त्यांना त्यातून ‘हिनंही सोडलं’ एवढंच कळतं. मागं लागणं आणि सोडून देणं यांच्या मधली एक जागा आहे, तिथं उभं राहायचं आहे.

समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून बोलणं आपल्याकडच्या पुरुषांना पोलीस चौकीसारखं वाटतं. शेजारी शेजारी, हात कामात असताना बोलणं सोपं जातं. तुमच्याकडे तर अशी कामं भरपूर. उरलेल्या बागेचा माल उतरताना, बेदाणा निवडताना, ठिबकच्या नळ्या धुताना, पुढं खरड छाटणीनंतर काडी विरळताना एका ओळीत दोघं असता. मोटरसायकलवर मागं बसून सांगलीला जाताना तर तोंडंही दिसत नाहीत. असा एखादा वेळ आठवड्यातून तीनदा तरी काढा, वीस-पंचवीस मिनिटांचा. त्यातल्या दोन वेळा नुसतं काम करायचं, काहीही विचारायचं नाही. हे महत्त्वाचं आहे. दर वेळी काहीतरी काढायला लागलात तर ते त्या कामालाही यायचे बंद होतील.

तिसऱ्या वेळी बोलायचं. वाक्य असं बांधा: तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, त्यानं तुम्हाला काय होतं, आणि तिथंच थांबायचं. ‘चार दिवस झाले, तुम्ही तीन वाजता उठून बाहेर बसता. मलाही जाग येते. जीव घाबरतो माझा.’ शेवटी प्रश्न नको. मनातल्या मनात शंभर आकडे मोजा आणि हातातलं काम चालू ठेवा. शंभर आकडे फार लांब वाटतात. चाळिसाव्यालाच ‘बोला ना’ म्हणावंसं वाटेल, म्हणायचं नाही. काहीच आलं नाही तर दुसरी ओळ घ्या, ‘काटा लागला नव्हं?’ किंवा ‘पाणी देऊ?’ म्हणजे बोलणं पडलं असं त्यांना वाटणार नाही. ऐकलं गेलं, इतकं पहिल्या महिन्यात पुरे.

‘का’ हा शब्द टाळा. ‘का बोलत नाही, का जेवत नाही, का सांगितलं नाही’ यात प्रत्येक वेळी माणसाला स्वतःची बाजू मांडावी लागते. ‘कधीपासून’, ‘काय’, ‘किती’ चालतात. त्याहून सोपं म्हणजे निवड देणं. ‘आत्ता बोलू, का नुसती बसू इथं?’ याला मान हलवूनही उत्तर देता येतं. आणि ‘लोकांचं बघा, अख्खी बाग गेली तरी उभे आहेत’ हे वाक्य घरात कुणीच उच्चारू नये. धीर द्यायला म्हटलेलं असतं, पण ऐकणाऱ्याच्या कानात ‘तू कमी पडलास’ एवढंच जातं.

निम्मी बाग गेली म्हणजे पैशाचा विषय आलाच, आणि माझा अंदाज, गाठ तिथं असेल. बागेत गेलेला खर्च तुम्हाला ठाऊक असतो, पण सगळी देणी बायकोला माहीत असतातच असं नाही. सोसायटीचं पीककर्ज कळतं. कृषी सेवा केंद्राची उधारी, हातउसने, मित्राला जामीन राहिलेले, व्यापाऱ्याकडं अडकलेली रक्कम, तुम्हाला न सांगता तारण ठेवलेलं सोनं, यातलं काहीतरी दडलेलं असू शकतं. आकडा जितका दिवस लपतो तितका तो मनात फुगतो. तुम्हीच दार उघडा: ‘देणं किती आहे ते मला कळलं तरी मी ओरडणार नाही. कागदावर मांडू. आज नको, बुधवारी.’ बुधवारी एक पान घ्या आणि चार रकाने पाडा: कुणाचं, किती, व्याज, कधी द्यायचं. लिहायचं तुम्ही. त्या दिवशी उपाय काढायचा नाही, फक्त मांडायचं. आणि पाटल्या गहाण आहेत हे कळलं, तर तुमच्या तोंडातून पहिलं वाक्य कोणतं निघेल ते आधीच ठरवून ठेवा. ‘बरं झालं सांगितलंत’ हे तीन शब्द घोटून ठेवा. राग येईल, तो खराच आहे, पण तो बहिणीजवळ काढा. उलट दिशेला पाऊल पडलं की पुढचा आकडा कधीच कळणार नाही.

आता आजाराबद्दल. चार महिने झालेत, त्यामुळे हा भाग टाळता येणार नाही. उदासीनतेच्या आजारासाठी जगभर नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी वापरतात, ‘पीएचक्यू-9’. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, मन खिन्न राहिलं, झोप बिघडली, थकवा, भूक कमी-जास्त, आपण नालायक आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा फार अस्वस्थ होणं, आणि मरणाचे विचार. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा वर गेली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. नवव्या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण असतील तर बेरीज कितीही असो, थांबायचं नाही. चाचणी निदान करत नाही, दार कुठलं ठोठवायचं ते सांगते. पुरुषांत हा आजार रडण्यातून कमी आणि चिडचिड, पाठदुखी, ऍसिडिटी, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग यातून जास्त दिसतो.

मरणाचा विचार येतो का, हे तुम्ही स्वतः विचारू शकता, आणि विचारावंच. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांना विचारल्यावर सुटल्यासारखं वाटतं. ‘जिवाचं बरंवाईट’ असली मोघम भाषा नको, कारण तिला ‘छे, काहीतरीच’ असं मोघम उत्तर येतं. सरळ विचारा: ‘एवढं सगळं अंगावर आलंय. कधी मरून जावं असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचं: काही ठरवलंय का? त्या रात्री त्यांना एकटं ठेवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. उत्तर ‘नाही’ आलं तरी औषधांचा साठा घरातून हलवा. बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं पडवीत, गोठ्यात, कॉटखाली असतात. ती कुलूपबंद पेटीत, शक्यतो दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या शेडवर ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. ‘पोरं हात लावतात’ हे कारण पुरे आहे, आणि खोटंही नाही. टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसणं, यानं जीव वाचतात.

‘पोलीस केस होईल’ या भीतीनं कुणी लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. त्याच्या 115 व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा न करता उपचार व मदत द्यायची असते.

डॉक्टरांकडे न्यायचं कसं? ‘तुम्हाला मानसोपचाराची गरज आहे’ असं म्हणालात तर विषय तिथंच संपेल. शरीराच्या वाटेनं जा. ‘झोप नाही, वजन उतरलंय, एकदा रक्त तपासू’ हे कुठलाही शेतकरी ऐकतो. आणि ते निमित्त नाही, खरंच तपासायचं असतं. थायरॉईड कमी पडणं, हिमोग्लोबिन किंवा बी-12 कमी असणं, साखर वाढणं, या सगळ्यांत माणूस मंद आणि मिटलेला होऊ शकतो. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची), बी-12, साखर इतकं आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्या. कालनिर्णयाच्या पानाचा फोटो त्यांना आधीच दाखवा आणि ‘तुम्हीच पुढं पाठवा’ म्हणा. बायकोनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत गावाकडं किती फरक पडतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. मिरजेला आणि सांगलीला, सरकारी आणि खासगी दोन्हीकडं, मानसोपचाराची सोय आहे. जायच्या आधी तुम्हाला एकटीला बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानंही फोन केलेला चालतो.

गोळ्या दिल्या तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ, अस्वस्थता दिसू शकते. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर लोक गोळ्या फेकून देतात. बेचैनी फारच वाढली किंवा मरणाचं बोलणं सुरू झालं, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं. दुसरं, बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचं नाही. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. या दोन प्रकारांत लोक गल्लत करतात, तेव्हा कोणती गोळी कशाची हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

तुमच्याकडं दारू नाही, तरी ज्यांच्याकडं आहे त्यांच्यासाठी एवढंच: रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली एकाएकी काढून घेऊ नका. पहिल्या दोन दिवसांत थरथर आणि झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवशी भ्रमही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायचं असतं.

आत्याबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. ‘येईल ताळ्यावर’ म्हणणाऱ्या बाईनंही बहुधा आयुष्यभर गप्प पुरुष सांभाळलेला असतो. त्यांचं बसणं हे तुमच्या बोलण्यापेक्षा भारी पडू शकतं. संध्याकाळी लेकाजवळ शेंगा सोलत अर्धा तास बसा, मात्र कर्जाचा आणि भावकीचा विषय काढायचा नाही, इतकंच सांगा. मुलांना ‘पप्पांना त्रास देऊ नका’ म्हणू नका, ती त्याचा अर्थ आपल्यामुळं असं झालं असा लावतात. ‘पप्पांना बागेची काळजी लागलीय, ते बरे होतील, तुमच्यावर राग नाही’ हे स्वच्छ सांगा.

ज्यांचा माणूस दूर आहे, खानापूर-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात असलेले गलाईवाले किंवा पाटण-जावळीचे मुंबईत माथाडीत असलेले, त्यांनी ‘बोला ना’ची वीस मिनिटं ताणण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी तीन मिनिटांचा फोन करावा. मिटलेल्या माणसाला लांब फोन छळ वाटतो.

आणि एक इशारा. गप्प राहून खर्चाला पैसे न देणं, माहेरी फोन करू न देणं, आठवडा-आठवडा तुम्ही घरात नाहीतच असं वागणं आणि तुम्ही माफी मागितली की लगेच नीट होणं, हा आजार नाही, ही शिक्षा आहे. तिथं वरचं काहीही करू नका. महिलांसाठीच्या 181 वर बोला. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं तसं दिसत नाही.

तुमचं स्वतःचंही बघा. चार महिने एकटीनं ओढलंय. एक माणूस ठरवा, बहीण, जाऊ, आशाताई, जिच्यापाशी आठवड्यातून एकदा सगळं ओकता येईल आणि जी ते गावभर करणार नाही. नऊ प्रश्न स्वतःलाही लावून बघा.

वेळ लागेल. पहिलं बोलणं बहुतेक भावनेचं नसतं, कामाचं असतं. ‘उद्या लाईट किती वाजता आहे?’ असं काहीतरी. त्याचं नेमकं उत्तर द्या आणि तिथंच थांबा. ‘बघा, आता कसं बोललात’ असं म्हणालात तर आठवडाभर पुन्हा काही येणार नाही. ज्या दिवशी ते चटणी मागतील, त्या दिवशी ‘आली का आठवण?’ म्हणायचं नाही. वाढायची, आणि नंतर कालनिर्णयावर तारखेपुढं एक खूण करायची.